सातवा नंबर

गुलाब रामटेके चिखल्याकडच्या एका खाणीत बावीस वर्षांपासून लिफ्ट चालवत होता. माणसं खाली सोडायची, शिफ्ट संपली की वर ओढायची. महिन्याभरापासून त्याच्या उजव्या हाताची बोटं थरथरत होती. बायकोला, वच्छलालाही त्यानं सांगितलं नव्हतं. डॉक्टरच्या कागदावर ते आलं असतं तर लिफ्ट गेली असती, आणि दुसरं काम आता अंगाला झेपणारं नव्हतं.

त्या दुपारी यादोराव आणि आणखी पाच जणांना खाली सोडून अर्धा तास झाल्यावर तो स्टुलावर टेकला. थकवा पार हाडात मुरला होता. मोबाईलवर त्यानं एक वेबसाईट उघडली. हात का थरथरतात? नाव दिलं नाही, नंबर दिला नाही. दोन ओळी वाचून बंद केली.

लगेच फोन वाजला.

“सर, हात थरथरतात ना तुमचे?” बाईचा आवाज. तीही दमलेली.

“माहा नंबर तुमाले कोनं देला?”

“तुमची सिमकंपनीच पाठवते, सर. साईट उघडली की नंबर आपोआप येतो आमच्याकडे. तुमच्या टॉवरवरून आज सात आले. बाकीच्या सहा जणांशी बोलले मी.”

तिनं नंबर वाचायला सुरुवात केली. पहिला यादोरावचा होता, गुलाबला तो पाठ होता... त्यानं मागच्या कपाटाकडे पाहिलं. खाली मोबाईल नेता येत नसे. सहाही जणांचे फोन त्यात कुलूपबंद. किल्ली त्याच्याच खिशात.

“काय... काय म्हनाले ते?”

“सगळे एकच म्हणाले, सर. वरच्या माणसाला सांगा, आज आम्हाला ओढू नको...”

गुलाब उठला. फोरमन सेवकरामच्या खोलीत जाऊन त्यानं हात टेबलावर ठेवला.

“मी आज लिफ्ट नाही ओढत, साहेब. हे पाहा. महिना झाला, लपवून राहिलो.”

सेवकराम त्या बोटांकडे बघतच राहिला. “सांगाचं होतं ना, गुलाबभाऊ,” एवढंच म्हणाला आणि त्यानं दुसऱ्या ऑपरेटरला बोलावलं.

सहाही जण सुखरूप वर आले. गुलाबच्या हातून लिफ्ट मात्र कायमची गेली.

यादोरावनं कपाटातला आपला फोन घेऊन सुरू केला. त्यात दुपारी आलेला कॉल होता. चार मिनिटं बोलणं झालेलं.

“मी तं खाली होतो बा! मंग बोललं कोन?”

त्याच्या फोनमध्ये प्रत्येक कॉल रेकॉर्ड होत असे. त्यानं तो लावला. आधी पाणी ठिबकत होतं... मग कुणाचा तरी जड श्वास. मग त्या बाईचा प्रश्न, आणि उत्तर.

उत्तर देणारा आवाज गुलाबचा होता.