सेन्सरची टोपी

"पंप कोणी बंद केला?"

केसांतून पाणी निथळत असतानाच ती पंपाच्या खोलीत घुसली, भांडायच्या पूर्ण तयारीने. आत एक अनोळखी तरुण पाइपांवर वाकून उभा होता. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"मी… म्हणजे, मीच. क्लोरीनच्या मशीनचा मेकॅनिक."

"मग सांगा, पाणी कधी स्वच्छ होणार?"

तिचा राग रास्त होता. या पोहण्याच्या तलावावर ती बायकांना शिकवायची. उद्या सकाळी तिची अख्खी बॅच घरच्यांसमोर तलावाची पूर्ण लांबी पोहून दाखवणार होती. त्यात तिची वहिनीही होती, जी पहिल्या दिवशी पायरीवरच बसून रडली होती. आणि नेमकं आत्ताच पाणी गढूळ व्हायचं होतं. संध्याकाळपर्यंत मशीन चालू झालं नाही तर उद्या तलावाला कुलूप, असं मॅनेजरने बजावलं होतं.

या तलावात क्लोरीन बाहेरून टाकत नसत. पाण्यातल्या मिठापासून मशीनच ते बनवायचं. मेकॅनिकने पडद्याकडे बोट दाखवलं. "मीठ कमी पडलंय, म्हणून मशीन थांबलंय. सेन्सर तसंच सांगतोय."

"गोणीच्या गोणी ओतल्यात आम्ही. मी रोज त्या पाण्यात असते. तोंडात गेलं की तोंड वाकडं होतं."

"जीभ चुकू शकते हो. सेन्सर नाही."

"लावता पैज?"

आता माघार कशी घेणार? त्याने नळीत पाणी घेऊन हाताने तपासलं. मीठ हवं त्याहून जास्तच निघालं. मग त्याने सेन्सर बाहेर काढला, तर त्याच्या टोकांवर पांढरा क्षार जाडजूड साचलेला.

"जिंकली तुमची जीभ," तो म्हणाला.

"नेहमीच जिंकते. आमच्या घरी विचारा हवं तर."

"घरी यायला माझी कुठे ना आहे…" तो बोलून गेला, आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

ती खळखळून हसली. त्याच वेळी त्याने दुसरा सेन्सर सफाईसाठी काढला होता, पाण्याचा आंबटपणा मोजणारा. त्याचं टोक काचेचं. ते कधी सुकू द्यायचं नसतं. बाहेर काढलं की चार थेंब औषध घातलेली रबरी टोपी लगेच चढवायची. या धंद्यात सगळ्यात आधी शिकवतात ते हेच. त्याने तो उघडाच खिडकीत ठेवला, भर उन्हात, आणि पहिला सेन्सर पातळ केलेल्या आम्लात बुडवून गप्पा मारत बसला. क्षार फसफसत गेला, गप्पाही रंगत गेल्या. दुसऱ्याची आठवण झाली तेव्हा तो पार सुकला होता. परत लावून पाहिला, तर पडद्यावरचे आकडे नुसते सैरावैरा धावायला लागले.

त्याचा चेहरा उतरला. सेन्सर औषधात बुडवून तो म्हणाला, "आता वाट पाहायची. शुद्धीवर आला तर आला."

तेवढ्यात मॅनेजर आला आणि सेन्सर बिघडल्याचं कळताच त्याने तिलाच धरलं. "प्रवेश बंदची पाटी दिसली नाही? तुम्हीच हात लावला असणार."

तिची नजर औषधात बुडवलेल्या सेन्सरकडे गेली. वहिनीचा उद्याचा दिवस हातातून चालला होता.

"त्यांनी काही केलं नाही," मेकॅनिक उभा राहिला. "त्या हसल्या, आणि मी टोपी घालायला विसरलो."

"कोणाला टोपी घालायला?"

"सेन्सरला."

"मला वाटलं, मलाच घालताय. हसण्याने कोणी काम विसरतं का?"

"त्या हसल्या की मला काही सुचत नाही, साहेब. आजच कळलं."

तिचे गाल तापले. मॅनेजर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग "संध्याकाळपर्यंत थांबतो," एवढं पुटपुटून निघून गेला, आणि ही बातमी सगळ्या तलावाला सांगत सुटला.

संध्याकाळी मेकॅनिकने तो सेन्सर, आंबटपणा आधीच ठाऊक असलेल्या तपासणीच्या दोन द्रावणांत बुडवला. आकडा पहिल्यात बरोबर आला… दुसऱ्यातही. पंप घुमला, मशीनचा हिरवा दिवा लागला, आणि तिने आनंदाने त्याचा दंड घट्ट पकडला. सोडायला जरा उशीरच झाला.

सकाळी पाणी इतकं नितळ होतं की तळाच्या फरश्या मोजाव्यात. बायका एकेक करून पोहून गेल्या. शेवटी वहिनी. खोल भागात ती अडखळली, तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. काठावर दादाचा चेहरा पांढराफटक.

"पाय थांबवू नका, वहिनी… पाय मारा," ती काठाकाठाने चालत सांगत होती.

वहिनीने पाय मारले. मारतच राहिली. तिचा हात समोरच्या भिंतीला लागला, तशा टाळ्या कडाडल्या. धापा टाकत तिने काठ धरला.

"त्याला उत्तर दिलंस का?"

"वहिनी, आधी श्वास तरी घ्या."

"माझा श्वास मी घेते. तू जा."

ती गेली. तो पंपाच्या दाराशी उभा होता. "पाणी… ठीक आहे ना?"

"पाणी छान आहे. आणि मला तू आवडतोस."

त्याने हातातली पाणी तपासायची नळी उलटीच खिशात ठेवली. "म्हणजे… तपासणीला दर महिन्याला येणारच आहे मी—"

"रोज ये," ती म्हणाली, आणि सगळ्या तलावादेखत तिने त्याचा हात धरला.