शालनअक्कांचा दूरकौल

कुडवळच्या रवळनाथाला हल्ली परदेशातूनही कौल लावता येत असे. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. आधी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण कॅमेऱ्यांसाठी गाभारा काचबंद आणि थंडगार केला, आणि पाकळ्या पडेचनात! म्हणून डॉ. मुक्ता गवंडे यांनी ‘दूरस्पर्श’ बसवला. भक्तानं घरी दोन तबकड्यांवर हात टेकायचे. उजव्या हाताचा सूक्ष्म कंप उजव्या पाकळीपर्यंत पोचणार, डाव्याचा डावीपर्यंत. भक्ताचा नमस्कार देवाला पोचवायचा, एवढाच हेतू.

जयवंतची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. जुळत होतं ते फक्त ऑस्ट्रेलियात ॲडलेडला राहणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीचं, शालनअक्कांचं.

“देव हो म्हणाला की निघालेच बघ,” अक्का पडद्यावरून म्हणाल्या. अक्कानं भावाला मूत्रपिंड द्यावं का, असं गुरवानं देवाला गाऱ्हाणं घातलं. अक्कांनी तिकडे तबकड्यांवर हात टेकले.

डावी पाकळी पडली.

“रडू नको गो अक्का,” जयवंत म्हणाला. “देवाच्याच मनात नाही, तर तू तरी काय करशील?” डायलिसिसची वेळ झाली होती. तो उठून गेला.

मुक्ता मात्र हादरली होती. कित्येक कौलांचे कंप तपासल्यावर तिला नुकतंच कळलं होतं: मन ज्या उत्तराकडे ओढ घेतं, त्या बाजूचा हात नकळत जास्त थरथरतो. शरीराची ही खोड विज्ञानाला जुनीच ठाऊक. यंत्र बसवताना तिच्याच डोक्यात आली नाही, कर्म! देवाचा यात काही संबंधच नव्हता. हे सांगितलं तर जयवंत वाचेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं अक्कांना फोन लावला.

“अक्का, तो नकार देवाचा नव्हता. तुमच्या हाताच्या कंपानं पाकळी पडली. तुम्ही खुशाल या.”

“म्हणजे ‘नाही’ मी म्हटलं?”

“तुमच्या मनातल्या भीतीनं म्हटलं. तसं कुणाचंही होतं.”



“अहो, मी सकाळीच तिकीट काढलं,” अक्का म्हणाल्या. “म्हटलं, देव कोपला तर कोपू दे, भावाला मरू देणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा देवाशी भांडायला निघाले होते.”

“मग याच ना!”

“आता कुणाशी भांडू, डॉक्टर? मलाच द्यायचं नाहीये हो. खरंच नाहीये. जयवंतला यातलं काही सांगू नका. मी तिकीट रद्द करते.”