सात मिनिटं पुढे

हसू नका रे. या डबीतला सेल बघा, नाण्याएवढा. दानियलला तो मीच विकला होता. नाताळानंतरची तिसरी रात्र, अठ्ठावीस डिसेंबर, सव्वाआठची वेळ. खांडबाऱ्यातलं माझं घड्याळांचं दुकान मी आवरत होतो, तेवढ्यात तो आला.

"निजामचाचा, कॉम्प्युटरमा टाकाना सेल शे का?"

त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान पलीकडेच. कॉम्प्युटरचा सेल तीन वर्षांपूर्वीच मेलेला. लाईट गेली की आतलं घड्याळ कुठल्या तरी जुन्या सालातल्या एक जानेवारीवर जाऊन बसायचं, आणि तारीख चुकली की सरकारी साइट उघडायची नाही. सेल आणायचं दानियलचं रोज 'उद्या'. मग त्याची बायको प्रिस्किला सकाळी येऊन तारीख-वेळ हाताने लावायची. वेळ मुद्दाम सात मिनिटं पुढे. चिंचपाड्याला घरी जायची संध्याकाळची गाडी हा गडी नेहमी चुकवायचा ना!

"गाडी काय तुम्हनी वाट देखस?" म्हणायची.

दिवाळीनंतर ती तापाने घरी पडली. त्या दिवशी घड्याळ दानियलने लावलं. अगदी बरोबर लावलं. गाडी चुकली. जीप धरून तो पोचला, तेव्हा प्रिस्किला गेलेली होती.

तेव्हापासून रोज सकाळी घड्याळ लावताना त्याचा जीव तुटायचा. फार थकला होता बिचारा. म्हणून त्या रात्री सेल न्यायला आला.

दुकानात त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला. मेलेला सेल काढला, नवा बसवला. आता एक जानेवारी दिसणार, शेवटचं एकदा लावू, सुटलो...

पडद्यावर अठ्ठावीस डिसेंबर. आठ सत्तेचाळीस.

मोबाइलमध्ये आठ चाळीस.

नेटची वायर तर बाजूला पडली होती, म्हणजे वेळ नेटवरूनही आलेली नव्हती. त्याने वेळ बरोबर केली. बंद करून पुन्हा लावलं.

सात मिनिटं पुढे.

नवा सेलही काढला. प्लग काढला. थांबला. प्लग लावला...

सात मिनिटं पुढे.

"प्रिस्किला...?"

...

पहाटे त्याने सेल माझ्या हातावर ठेवला. रात्री काय झालं ते सांगितलं. डोळे सुजलेले.

आता गाडी यायच्या आधी तो रोज फलाटावर उभा असतो. घरी वाट बघणारं कुणी नाही, तरी चुकवत नाही. आणि त्याच्या कॉम्प्युटरमधली सेलची जागा अजून रिकामी आहे, वेळही तो हाताने लावत नाही. सकाळी जाऊन बघा, आपलं घड्याळ सोबत न्या.