बाबांची शुगर आणि आलोकचं लायसन

हायवेवरून ट्रक गेला की इचोड्यातल्या आमच्या दुकानातली भांडी किणकिणतात. त्या दुपारी मोठा ट्रेलर गेला, वरचा डबा घसरला आणि दारात आलेल्या अनोळखी माणसानं तो अलगद झेलला.

"विमा एजंट आलोक," तो म्हणाला. "डबा सुखरूप हाय."

हसू आलं, पण मी दाबलं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. आमची आधीची पॉलिसी लक्ष्मणमामानं काढली होती. घरचाच माणूस म्हणून बाबांनी कोऱ्या फॉर्मवर सही केली, मामानं त्यांची शुगर लपवली... आणि बाबा दवाखान्यात पडले तेव्हा क्लेम नाकारला गेला. आता पुन्हा चुकायची सोय नव्हती.

"लायसन दाखवा."

"फोटो पाहून हसू नका फक्त."

हसलेच! मग कंपनीत फोन करून लायसनचा नंबर खरा आहे का ते विचारलं. तोवर तो मुकाट्यानं डबे रचत बसला. खरा निघाला मेला.

पुढं तो येतच राहिला. बाबांचे रिपोर्ट वाचायला एकदा, गोळ्यांची नावं लिहायला एकदा, आणि नुसतं "काही शंका?" विचारायला चारदा. शंका नसली तरी मी काढायचे. फॉर्मवर वाकलेलं ते कपाळ, कानामागं अडकवलेलं पेन — मला तो फार आवडायला लागला होता. बाबा आतल्या खोलीत पडून सगळं ऐकायचे.

एक दिवस त्यानं फॉर्म मिटला.

"रंजीता, आमच्या कंपनीत शुगरचा खर्च भेटाले तीन वर्षं थांबा लागते. मी एकाच कंपनीचा. आदिलाबादले पद्मिनीताई ब्रोकर हायेत, त्या पाच-सहा कंपन्यांच्या पॉलिस्या दाखवतीन. तिथं जा."

"मंग... तुमी इथं काऊन येसान आता?"

त्यानं फॉर्म बॅगेत कोंबला. गाडीला किक मारून गेला. मी दिवसभर बाबांवर चिडले.

पद्मिनीताईंकडून बाबांना हवी तशी पॉलिसी मिळाली, शुगर स्पष्ट लिहून. पंधरा दिवस गेले. भांडी किणकिणायची आणि मी दाराकडं बघायचे.

सोळाव्या दिवशी तो आला. बॅग नाही, पेन नाही.

"आता काय विकून राह्यले?" मी रागानंच विचारलं.

"काहीच नाही. तुमी गिऱ्हाईक होत्या, तवा बोलता येत नव्हतं... मले तुमी आवडता, रंजीता. पण आधीच सांगतो — मी घोरतो. सैपाक येत नाही. अन् मागच्या साली माझं जुळलेलं लग्न मोडलं, पोरीले सरकारी नोकरीवाला पाहिजे होता."

काही म्हणजे काही लपवलं नाही त्यानं. माझे डोळे भरून आले.

"कुठं सही करू? कोऱ्या कागदावरबी करीन मी."

"अजिबात नाही," तो माझा हात धरून हसला. "आधी बाबाले विचारू. सारं वाचून, समजून... मंग."

आतून बाबा ओरडले, "मी तर पहिल्याच दिवशी वाचलं त्याले! चहा ठेव."