बसलेली मूठ

सीताराम मिस्त्री कळव्याच्या चाळीत रवींद्रपासून दोन दारं सोडून राहायचे. त्यामुळे खोपटच्या डेपोसमोरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान गेल्यावर रवींद्र प्लास्टरच्या कामाला लागला, यात नवल काही नाही. दुकान कसं गेलं ती वेगळी रडकथा आहे. रस्ता रुंद झाला आणि दुकान राहिलं नाही, एवढं पुरे. त्यानंतर हा माणूस घरात नुसता बसून होता. रडला नाही, चिडला नाही, कुणाला चार शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. त्याची बायको मेघना वैतागून म्हणायची, "रवी, निदान आदळआपट तरी कर रे." तो तिच्याकडे बघून मान हलवायचा आणि परत पंख्याकडे बघायला लागायचा. शेवटी एका सकाळी मिस्त्रींनी दारातूनच हाक मारली, "चल साइटवर. बसून बसून मुळं फुटतील तुला." आणि हा चपला घालून निघाला, कोपऱ्यावरून दूध आणायला निघावं तसा.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडे चांगली होती. बोटं. मोबाइलमधले कणीएवढे स्क्रू तो न बघता, नुसत्या बोटांच्या टोकांनी बसवायचा. त्याची दोन वर्षांची मुलगी उर्वी त्याच बोटांच्या भरवशावर झोपायची. बाबाच्या उजव्या हाताचा अंगठा मुठीत धरला की तिचे डोळे मिटायचे. मेघना कधी गंमत म्हणून मध्येच आपला अंगठा सरकवायची, तर ती पोर डोळे न उघडता तो ढकलून द्यायची. "बापाची बरोबर ओळख आहे हिला," मेघना हसून म्हणायची. दुकान गेलं तेव्हा रवींद्रला आत काहीच हललेलं जाणवलं नव्हतं. त्या छोट्या मुठीची ऊब मात्र त्या दिवसांतही जाणवायची. तीच काय ती जाणवायची.

साइट कल्याणला, खाडीच्या अंगाला. टॉवर उभा राहिला होता, भिंती विटांच्या उघड्या होत्या. पहिल्या दिवशी रवींद्रकडे हत्यार नव्हतं. मिस्त्रींनी आपल्या पिशवीच्या तळातून पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक थापी काढली. पातं झिजून कागदाएवढं पातळ राहिलेलं, आणि लाकडी मूठ अशी बसलेली, की अंगठ्याच्या जागी खळगाच पडला होता.

"कुणाची आहे?" रवींद्रने विचारलं.

"होता एक. तू चालव."

नव्या माणसाच्या हातात बसलेली मूठ द्यावी, ती हाताला शिकवते, असं हे प्लास्टरवाले मानतात. कुणाच्या हाताने ती बसलीय ते कळल्याशिवाय ती धरायची नसते, हे रवींद्रला कोण सांगणार? त्याने अंगठा खळग्यात ठेवला. माप थोडं मोठं होतं.

या कामात नवा माणूस पहिले काही महिने भिंतीपेक्षा जमिनीलाच जास्त प्लास्टर करतो. सिमेंट-वाळूचा माल फेकला की निम्मा खाली, आणि मिस्त्रीच्या शिव्या वर. रवींद्रचं तसं झालं नाही. सुरुवातीचे दिवस गेले आणि मग त्याचा माल खाली पडेनासाच झाला. फेकला की चप्प बसायचा. मग अंगठा मुठीवर किंचित पुढे सरकायचा, मनगट आत वळायचं आणि थापी डावीकडून उजवीकडे अर्धगोल फिरायची. भिंत ताटासारखी साफ. बाकीचे कारागीर कौतुक करायला आले. मिस्त्री मात्र लांब उभे राहून त्याच्या हाताकडे बघत होते.

"मनगट असं वळवायला कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाय. आपोआप जातं."

मिस्त्रींनी तंबाखू मळायला घेतली, पण ती तोंडात टाकायची विसरूनच गेले.

सिमेंट हात खातं. आधी कातडी कोरडी पडली, मग सोलली, मग बोटांच्या टोकांवरच्या रेषाच पुसत गेल्या. बधिरपणा सुरू झाला तो अंगठ्यापासून. गरम चहाचा ग्लास त्याला कळेना. रवींद्रने फार मनावर घेतलं नाही. दुकान गेल्यापासून आत सगळं बधिरच होतं, आता हात त्याच्या सोबतीला आले, इतकंच त्याला वाटलं. घरी उर्वी अंगठा धरून झोपायची. तिने धरलाय हे त्याला आता वाकून बघावं लागायचं.

साइटच्या गेटवर अंगठा लावायचं मशीन होतं. अंगठा टेकवला की पडद्यावर नाव यायचं आणि आतली बाई 'थँक यू' म्हणायची. रवींद्रचा अंगठा मशीन ओळखेना. 'प्लीज ट्राय अगेन', 'प्लीज ट्राय अगेन'. ऑफिसातल्या शुभदा मॅडम तिकडूनच म्हणायच्या, "राहू दे हो, सगळ्या प्लास्टरवाल्यांचं हेच. मी हजेरी लावते."

मग एके सकाळी मशीन पहिल्याच फटक्यात 'थँक यू' म्हणालं. रवींद्रला बरं वाटलं. पडद्याकडे नजर गेली तर तिथे नाव होतं, कुंडलिक.

"मॅडम, हे कोणाचं नाव आलंय?"

शुभदा मॅडम चष्मा नाकावर सरकवत आल्या. त्यांनी पडदा पदराने पुसला. "परत लावा." त्याने लावला. 'थँक यू.' कुंडलिक. मॅडमनी स्वतःचं बोट लावून बघितलं, त्यांचं नाव बरोबर आलं. मागच्या बिगाऱ्याचंही बरोबर आलं.

"हे नाव मी माझ्या हाताने काढून टाकलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दिवाळीच्या आधीच…" मग रवींद्रच्या तोंडाकडे न बघता म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही इकडे अंगठा लावू नका. सरळ आत जात जा."

दुपारी डबा खाताना त्याने मिस्त्रींना विचारलं. मिस्त्रींचा घास हातात राहिला.

"कुंडलिक माझ्या हाताखाली तयार झालेला," ते म्हणाले. "असाच जेवला, आणि 'जरा पाठ टेकतो' म्हणून भिंतीला टेकून बसला. ओल्या प्लास्टरला. मी ओरडलो, अरे, ताजी भिंत आहे, उठ… तर उठतोय कुठे. हार्ट, असं डॉक्टर म्हणाले. त्याला उचलला तर भिंतीवर पूर्ण पाठ उमटलेली. खांदे, मणके, सगळं. मीच प्लास्टरचा लाकडी रंधा फिरवून ती भिंत सारखी केली."

"कुठली भिंत?"

रवींद्र ज्या भिंतीला टेकून जेवत होता तिच्याकडे मिस्त्रींनी एकदा बघितलं आणि डबा बंद केला. रवींद्र सावकाश उठून लांब बसला. भीती वाटायला हवी हे त्याला समजत होतं. वाटत काहीच नव्हतं.

भीती वाटली ती त्या संध्याकाळी, घरी. उर्वी कुरकुरत पडली होती. मेघना भात टाकत होती, तिने आतूनच सांगितलं, "रवी, अंगाला हात लावून बघ रे, ताप आहे का." त्याने कपाळावर हात ठेवला, मग गळ्याला लावला.

"नाही ग. गार आहे."

मेघना हात पुसत आली आणि पोरीला हात लावताच किंचाळली, "अरे, चटका बसतोय! काय गार आहे?"

त्याने पुन्हा हात ठेवला. कपाळ मऊ होतं की कडक, हेसुद्धा त्याला सांगता येईना. तापलेल्या पोरीवर ठेवलेला हात त्याला टेबलावर ठेवल्यासारखा वाटत होता. त्याला पहिल्यांदा रडू आलं. "मेघना, मला ही कळत नाही ग," तो म्हणाला. डॉक्टरकडे नेताना पोर मेघनाच्या खांद्यावर होती आणि हा मागून पिशवी घेऊन चालत होता. आपले हात आपल्याला परत पाहिजेत, एवढी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात होती.

दुसऱ्या दिवशी तो मिस्त्रींना म्हणाला, "ही थापी मी त्याच्या घरी देऊन येतो."

"द्यायचीच होती रे मला," मिस्त्री खाली बघत म्हणाले. "धीर झाला नाही. माणसाचं हत्यार घरी पोचवायला पाहिजे होतं… आंबिवलीला राहतात. बायकोचं नाव चित्रा."

रवींद्र भर दुपारी रिक्षाने आंबिवलीला गेला. स्टेशनच्या मागे बैठ्या घरांची रांग, दारात तुळस आणि पाण्याचं पिंप. चित्राने दार उघडलं. पस्तिशीची, बारीक, कपाळ मोकळं. त्याने पोत्यात गुंडाळलेली थापी पुढे केली तशी तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि छातीशी धरली.

"या भाऊ, आत या. ऊन आहे. हात-पाय धुवा."

पिंपाजवळ त्याने हातावर पाणी घेतलं आणि दचकला. पाणी गार होतं. गार! अंगठ्याच्या टोकापर्यंत गार. थापी परत केली आणि सुटलो, असं त्याला वाटलं. आनंदाने डोळे भरून आले.

आतल्या खोलीची एक भिंत अर्धीच प्लास्टर केलेली होती. खाली विटा, वर अर्धगोल हातांचं साफ काम, आणि मध्ये ते थांबलं होतं ती कड. कुंडलिकचा फोटो त्याच भिंतीवर, हारासकट. रवींद्रने सहज त्या कडेवर बोट फिरवलं. वाळूचा कण न् कण त्याला जाणवला. फार ओळखीचं वाटलं ते. त्याने हात चटकन काढून घेतला.

"तुम्ही आधी मोबाइलचं काम करायचात ना? सीतारामभाऊ आज सकाळी फोनवर बोलले," चित्रा म्हणाली. "आमच्या ह्यांचा फोन ते गेले तेव्हापासून बंदच आहे. आमचे फोटो आहेत त्यात. गावचे, लग्नाचे… त्यांचा आवाज आहे. दुकानवाला म्हणतो, उघडला तर सगळं पुसून जाईल."

रवींद्रने फोन चार्जरला लावून चालू केला, पडदा नंबर मागत होता. दुकानात शंभर जणांना सांगितलेलं वाक्य त्याने तिलाही सांगितलं. "वहिनी, इतके दिवस बंद राहिलेला फोन अंगठ्याने उघडत नाही. आधी नंबर टाकावा लागतो. आता स्वतः मालक आला तरी…"

बोलता बोलता त्याने काचेवरची धूळ अंगठ्याने पुसली.

फोन उघडला.

पडद्यावर चित्राचाच फोटो होता. याच खोलीतला. अर्ध्या भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून ती रागावल्यासारखी हसत होती. रवींद्रने फोन जमिनीवर ठेवला आणि चित्राकडे बघितलं. ती रडेल, ओरडेल, शेजारणींना हाका मारेल, असं त्याला वाटलं. ती त्याच्या हाताकडे बघत होती. मग तिने थापीवरचं पोतं सोडलं, मूठ पदराने पुसली आणि थापी त्याच्यासमोर ठेवली. तिच्या आवाजात आता भाऊ नव्हता, पाहुणा नव्हता. घरात रोज बोलतात तसं, जरा कुरकुरतच ती म्हणाली,

"भिंत तेवढी राहिलीय. रविवार, रविवार करत राहूनच गेली… कधी करताय?"

रवींद्र धडपडत उठला. चपलेत पाय नीट जाण्याआधीच तो रस्त्याला लागला होता. थापी तिथेच राहिली, हे त्याने वाटेत दोनदा स्वतःला सांगितलं.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. मेघनाचा चेहरा सैल झाला होता. "उतरतोय ताप. झोपेला आलीय, तुझीच वाट बघत होती." त्याने घाईने हात धुतले आणि उर्वीच्या कपाळावर ठेवला. कोमट. घामाने ओलसर. केस चिकटलेले. सगळं कळत होतं! "मेघना, कळतंय मला! थोडासा आहे अजून, कानामागे जास्त आहे," तो हसत, रडत म्हणाला. मेघनानेही डोळे पुसले. त्याने उर्वीच्या मुठीत आपला अंगठा दिला. तिची पाचही बोटं त्याला वेगवेगळी जाणवली, नखंसुद्धा.

उर्वीने डोळे मिटलेलेच होते. तिने अंगठा धरला, जरा चाचपला, आणि ढकलून दिला.

"बाबा पायजे," ती झोपेतच म्हणाली.

"अगं, बाबाच आहे," मेघना हसली. तिने दिवा लावला. उर्वीने डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं, खुशीत "बाबा" म्हणाली. मेघनाने दिवा बंद केला. पोरीने पुन्हा डोळे मिटले आणि हात पुढे केला. त्याने अंगठा दिला. तिने चाचपला. ढकलून दिला.

"हा नको… बाबाचा पायजे."

मेघनाचं हसू थांबलं. रवींद्रने मुकाट्याने डावा हात पुढे केला. उर्वीने त्याचा अंगठा घट्ट धरला आणि झोपी गेली. त्या अंगठ्याला काहीच कळलं नाही.

उजवा हात गादीवर पडून होता. थोड्या वेळाने तो सरकत सरकत भिंतीला लागला, मनगट आत वळलं, आणि डावीकडून उजवीकडे, सावकाश, अर्धगोल फिरायला लागला. मेघना अंधारात भिंतीवर घासणाऱ्या त्या हाताच्या आवाजाकडे कान देऊन बसली होती.

"रवी," तिने हळूच विचारलं, "उद्या रविवार आहे. घरीच आहेस ना?"