पुसलेली डिस्क

प्रयोगशाळेचा सर्व्हर सकाळी साडेआठपासून बंद होता. दहा वाजता संगणक विभागाच्या प्रमुखाने शेवटी थोरल्या बहिणीला फोन केला.

ताई खासगी तपासाची कामे करायची. विम्याचे खोटे दावे उघडे पाडण्यात तिची वीस वर्षे गेली होती. धाकट्या भावाने तिला कामासाठी बोलावण्याची ही पहिलीच वेळ.

"काय पकडायचंय, चोर की सर्व्हर?" आल्या आल्या तिने विचारले.

"चोर. सर्व्हरचं मी बघून घेईन."

"तू बघून घेतोयस म्हणूनच दोन तास बंद आहे होय?"

प्रमुखाने टोमणा गिळला आणि हकिगत सांगितली. सर्व्हरच्या दर्शनी बाजूला चार डिस्क ओळीने बसवलेल्या होत्या. रुग्णांचे सगळे अहवाल त्यांवर. त्यातली एक, गेल्या वर्षी बसवलेली, आठवडाभर टिकटिक करत होती. ती बदलण्याचे काम त्याने काल नोंदवहीत लिहिले आणि तो बैठकीला गेला. दुरुस्ती तंत्रज्ञ नानांनी संध्याकाळी काम उरकले. सकाळी पडद्यावर एकच ओळ: यंत्र सुरू करणारी डिस्क सापडत नाही.

"ती डिस्क वेगळी असते, ताई. तिला हात लावायचं कामच नव्हतं. नानांनी ती मुद्दाम पुसलीय."

हेच त्याने सकाळी काउंटरवर, रुग्ण आणि कर्मचाऱ्यांसमोर, मोठ्याने सांगितले होते. नानांना काढून टाकण्याचे पत्र संचालक डॉक्टरांच्या टेबलावर तयार होते. बारा वाजता सही व्हायची होती. एकतीस वर्षांच्या नोकरीचा शेवट असा.

"पुसलेली तू पाहिलीस?"

"दुसरं काय असणार?"

ताईला आधी खोली पाहायची होती.

सर्व्हरची खोली अरुंद होती. लोखंडी रॅक पाठीमागच्या भिंतीला जवळजवळ चिकटलेले. ताई उकिडवी बसली. फरशीवर रॅकच्या चाकांचे ताजे ओरखडे होते आणि भिंतीचा रंगही एके ठिकाणी खरवडला होता. मग तिने सर्व्हर सुरू करायला लावला. पंखे घरघरले आणि त्यांच्या आडून आवाज आला. टिक, टिक, टिक.

"हे काय?"

"नवी डिस्कही सदोष निघाली वाटतं," प्रमुख वैतागून म्हणाला.

नोंदवहीत त्याच्याच वळणदार अक्षरात ओळ होती: 'मागची डिस्क काढून नवी बसवा.' खाली नानांची सही आणि 'केले'.

काउंटरवरच्या रिसेप्शनिस्टने आधी आढेवेढे घेतले, मग सांगून टाकले. काल सकाळी साहेब नानांवर रुग्णांदेखत खेकसले होते. बारीकसारीक गोष्टीसाठी फोन करता, लिहिलंय तेवढं करा, अक्कल पाजळू नका. नाना मान खाली घालून निघून गेले होते.

"असं बोललास?" ताईने बाजूला घेऊन विचारले.

"कामाच्या रगाड्यात बोलून जातो माणूस. मागची रिसेप्शनिस्ट बरी होती, तोंडाला कुलूप असायचं तिच्या."

सफाईवाल्या बाईंनी वेगळीच माहिती दिली. काल रॅक ओढायला त्यांनीच हात लावला होता. नाना दुखरे गुडघे मुडपून मागे तासभर बसले. काढलेली डिस्क त्यांनी मऊ फडक्यात गुंडाळली, तान्ह्या बाळाला गुंडाळावी तशी, आणि कपाटात ठेवली.

नाना व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. हत्यारांची पिशवी मांडीवर.

"पुसायला मला येत नाही, बाई," ते म्हणाले. "मी काढतो आणि बसवतो."

"काढताना शंका नाही आली?"

नानांनी प्रमुखाकडे पाहिले नाही. "आली. पण विचारायचं नाही, असं ठरलं होतं."

पावणेबाराला सगळे संचालक डॉक्टरांच्या खोलीत जमले.

"गुन्हा झालेलाच नाही," ताई म्हणाली. "चूक झालीय, आणि ती शब्दाची आहे. दर्शनी डिस्क जागच्या जागी निघतात. मग रॅक का ओढलं? कारण नानांनी पाठीमागची डिस्क काढली. टिकटिक अजून येतेय, कारण बिघडलेली डिस्क पुढे जिथल्या तिथे आहे."

कपाटातली पुरचुंडी टेबलावर आली. प्रमुखाने फडके सोडले, क्रमांक वाचला. यंत्र सुरू करणारी डिस्क होती ती. धडधाकट. तिच्या जागी कोरी डिस्क बसली होती, सर्व्हर सुरू होणार कसा?

"तू लिहिलंस, मागची डिस्क. तुझ्या मनात मागच्या वर्षी बसवलेली. नानांनी वाचलं, मागच्या बाजूची. मराठीत दोन्ही बरोबर. मघाशी तू मागची रिसेप्शनिस्ट म्हणालास, ती काय भिंतीला टेकून उभी होती?"

कोणी हसले नाही. प्रमुखाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आणि फोन करून त्यांनी विचारलं का नाही," ताई हळू आवाजात म्हणाली, "ते मी सांगायला नको."

प्रमुखाला टेबलावरून नजर उचलवेना. सकाळी बोलताना त्याने नुसते मागे वाकून पाहिले असते तरी पुरले असते. त्याला ते सुचलेही नव्हते. माणसावर बोट ठेवणे सोपे होते.

"पत्रावर आता कोणाचं नाव घालू?" डॉक्टरांनी विचारले.

"माझं."

डॉक्टरांनी पत्र उभे फाडले. "आधी काउंटरवर जा. सकाळी बोललात तिथेच उभे राहा."

तो गेला. सकाळी आवाज आपसूक चढला होता, आता पुटपुटण्यापलीकडे जाईना. "नानांनी काही पुसलेलं नाही. मी धड लिहिलं नाही, आणि त्यांना विचारायची सोय ठेवली नाही." लांबच्या बाकांवर कोणाला ऐकू गेले नाही. रिसेप्शनिस्टने त्याचे शब्द जसेच्या तसे, खणखणीत आवाजात पुन्हा म्हटले. तेवढा वेळ त्याला तिथेच उभे राहावे लागले.

नंतर रॅक त्याने स्वतः ओढले. नाना मागे बसले. त्यांनी कोरी डिस्क काढली, फडक्यातली सरकवली, खटका लागेपर्यंत दाबली. प्रमुख टॉर्च धरून वाकला होता. माफीचे वाक्य त्याने मनात तीनदा जुळवले.

"नाना, मी..."

"टॉर्च थोडा खाली घ्या, साहेब. डोळ्यांवर येतोय."

त्याने टॉर्च खाली घेतला. पडद्यावर ओळी धावू लागल्या, बाहेर छपाईयंत्र एकामागून एक अहवाल सोडू लागले. रॅकच्या मागे त्याचा चेहरा अंधारात गेला होता, आणि तो तिथून लवकर बाहेर आला नाही.