निळा मासा आणि कोरलीच्या टाचा

यावर तुझा विश्वास बसणार नाही, कुणाचाच बसत नाही. पण टॅरो पॉइंटच्या या किनाऱ्यावर प्रेमापायी सगळ्यांत वेगाने पोहलेला माणूस म्हणजे मी, डेस हॅनराहन. हसू नकोस, टेगन. रविवारचं पोहणं आटोपून आत्ताच आलीस, ओठ निळे पडलेत तुझे. सूप येईपर्यंत ऐक. सूप माझी कोरली करतेय, म्हणजे अजून अवकाश आहे.

तो जुलै होता, आपल्याकडचा ऐन हिवाळा. खडकात कोरलेल्या आपल्या या तलावात भिंतीवरून लाटा सांडत होत्या, आणि पाणी असं गार, की आत उतरताच माणसाने सगळी पापं कबूल करावीत. मी भिंतीपाशी वळत होतो... तोच कुणीतरी थेट माझ्या पाठीवरून गेलं. डोकं वर काढलं, तर लांब पळणाऱ्या दोन टाचा. गुलाबी, घाईतल्या.

काठाला लागल्यावर टोपी काढत ती म्हणाली, "तो तू होतास? मला वाटलं शेवाळ."

"शेवाळाला नाव आहे," मी म्हटलं. "डेस."

"मग डेस, जरा हलत जा की."

आणि हसली. माझी थंडी तिथेच गेली, ती आजवर परत आलेली नाही.

कोरली क्लबची चॅम्पियन. मान अशी ताठ, की लाटसुद्धा तिला वळसा घालून जाई. तेव्हा वॉल पेस्को घड्याळ घेऊन भिंतीवर आकडे मोजायचा, आता त्याची नात मोजते तसाच. हळू पोहणारे लहान आकड्याला आधी सुटायचे, वेगवान मागून, म्हणजे सगळे एकदमच काठाला लागावेत. माझा आकडा सात, कोरलीचा चाळीस. वेग वाढला की आकडा वाढतो आणि सुटायला उशीर होतो, म्हणून जो तो आपला वेग लपवायचा. वॉलने पकडलं, की चारचौघांत नाव पुकारून सगळ्या क्लबची भांडी घासायला लावायचा.

सप्टेंबर सरला की कोरली नर्सिंग शिकायला सिडनीला जाणार होती. जमिनीवर तिच्याभोवती कायम घोळका. मला एवढंच हवं होतं – एकदा, एकाच आकड्यावर, तिच्या शेजारी उभं राहायचं, आणि उडीआधी विचारायचं.

म्हणून मी वेग वाढवला. कसा? ऑगस्टच्या भरतीने एक निळा मासा आत आणून टाकला, बोकडाएवढा. मी जरा रेंगाळलो, की टाचेला चावायचा. महिनाभर चावला. आकडा चढत गेला, चढत गेला... आणि हंगामाच्या शेवटच्या रविवारी वॉलने आमची दोघांची नावं एकत्र पुकारली.

ती शेजारी येऊन उभी राहिली. टोपीतून निसटलेली एक ओली बट गालाला चिकटलेली.

"थरथरतोयस."

"वाऱ्याने."

"खोटारड्या."

"कोरली... तू परत येशील?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही, समुद्राकडे पाहिलं. "येईन. पण वाटेत शेवाळ हवं हं. नाहीतर चुकल्यासारखं होईल."

वॉलने आकडा पुकारला. आम्ही हललोच नाही. तो पुन्हा ओरडला, तेव्हा तिने माझा हात धरला, आणि मग उडी. सगळ्यांच्या मागून काठाला लागलो. शेवटच्या नंबराचा एवढा ताठा या क्लबात कुणी मिरवला नसेल.

मग आत आलो, तर ती ढीगभर भांडी घासत उभी. का, ते मी विचारलं नाही. फडकं घेतलं आणि पुसायला लागलो. अजून पुसतोय.

डेसची गोष्ट संपली, तशी आतली पळी थांबली. कोरली वाडगे घेऊन बाहेर आली, एक टेगनपुढे ठेवला, आणि पांढऱ्या केसांची मान तशीच ताठ ठेवून म्हणाली,

"मासा खरा आहे, पोरी. वेग खोटा. त्या दिवशी वॉलने आम्हाला सोडलं ते सातवर. मी, क्लबची चॅम्पियन, महिनाभर पाय ओढत पोहले, तेव्हा कुठे याच्या आकड्याला पोचले. भांडी काय उगाच घासली?"